रेघेबाहेरचं टिंब

दादा,

तुम्ही गेल्याचं कळल्यापासून मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडते आहे. तुम्हाला त्यात नवल वाटणार नाही. कारखान्यात आपण दोघं एका खोलीत असलो की बाहेरच्यांना वाटायचं, आज काहीतरी बिनसलंय. आणि तसं त्यांना दर आठवड्याला वाटायचं. आता फरक एवढाच झालाय की तुमच्या बाजूनं बोलायला कोणी उरलं नाही, त्यामुळे तुमची उत्तरंही मलाच द्यावी लागतात. मी ती प्रामाणिकपणे देते. बऱ्याचदा त्यात तुम्हीच जिंकता आणि मग मला जास्त राग येतो.

रडू कालपर्यंत आलं नव्हतं. भांडण संपल्यावर येईल, असं वाटत होतं.

मी कारखान्यात आले ती अठ्ठ्याऐंशी साली. आम्ही पुण्याहून नवीन पनवेलला राहायला आलो होतो, डिप्लोमाची शाई वाळली नव्हती आणि मला वाटत होतं की मला सगळं येतं. हायवेच्या मागच्या वसाहतीतला आपला लहानसा कारखाना तेव्हा जुन्या मोटारींची पेट्रोलची इंजिनं काढून त्यांत स्वतः बनवलेली डिझेलची बसवून द्यायचा. टॅक्सीवाल्यांची गर्दी असायची. इंजिन बाहेर पडायच्या आधी ते तपासायचं काम तुमचं, आणि तपासणीत जे निघालं ते गिऱ्हाइकाला कळेल असं कागदावर मांडायचं काम माझं. मी तुम्हाला पहिल्या दिवशी म्हात्रेसाहेब म्हटलं. तुम्ही म्हणालात की कोन गावात तुमच्या घरी साहेब म्हटलं तर म्हशीसुद्धा मागे वळून बघणार नाहीत, दादा म्हण. आणि मला तुम्ही त्याच दिवसापासून बाय म्हणायला लागलात, मला विचारलंही नाहीत.

माझा पहिला आलेख तुम्हाला आठवतो का? मला लख्ख आठवतो. आडव्या रेषेवर इंजिनाचे मिनिटाचे फेरे, उभ्या रेषेवर ओढ. पुस्तकात टॉर्क म्हणतात, पण चाक फिरवायची ताकद म्हणजे ओढच, आणि तुम्हाला तोच शब्द आवडायचा. मी तीन रंगांची शाई वापरली होती, वक्र पट्टी धरून अशी गुळगुळीत रेघ काढली होती की माझ्या सरांनी ती वर्गात फिरवली असती. तुम्ही कागद बराच वेळ हातात धरलात. मग म्हणालात, सुंदर हाय गो, पण टिंबं कुठे गेली?

मी सांगितलं की रेघ काढल्यावर पेन्सिलीची टिंबं खोडायची असतात, त्याशिवाय आलेख स्वच्छ दिसत नाही. तुम्ही कागद माझ्या टेबलावर ठेवलात आणि म्हणालात, "रेघ आपण ओढतो, बाय. इंजिनानं फक्त टिंबं दिली. त्याचं त्याला राहू दे, मग आपलं काय ते काढ."

मला ते तेव्हा मुळीच पटलं नाही. मी घरी जाऊन आईला सांगितलं की कारखान्यात एक विक्षिप्त माणूस आहे आणि नेमका तोच माझ्या वाट्याला आलाय.

मग तो चहाचा नियम. टिंबं मांडून झाली की लगेच रेघ ओढायची नाही, मध्ये चहा प्यायचा. आणि चहा पिताना इंजिनाविषयी बोलायचं नाही. भाजी काय केलीस, सुकापूरला कोणाची कुठली इमारत उभी राहतेय, असलं काहीही चालेल. तुमचं म्हणणं असं की टिंबं मांडतानाच माणसाच्या डोळ्यांना हवी ती रेघ दिसायला लागते, चहा प्याला की ती थोडी पुसट होते आणि मग खरी काय ती दिसते. मला वाटायचं, या गृहस्थांना चहाची तल्लफ आहे आणि तिला शास्त्राचा आधार हवाय. पण मी चहा प्यायले. दहा वर्षं प्यायले. अजूनही मी कुठलाही आलेख चहाशिवाय पुरा करत नाही, आणि माझ्या हाताखाली आलेल्या लोकांना कारण विचारलं तर तुमचंच सांगते, फक्त तुमचं नाव न घेता.

आपलं मोठं भांडण मात्र शून्यावरून होतं. तुमचं म्हणणं, उभी मोजणी शून्यापासूनच सुरू झाली पाहिजे. मी म्हणायचे, अहो, सगळी टिंबं वरच्या एवढ्याशा पट्ट्यात चिकटून बसतात, खालचा सगळा कागद कोरा, दोन इंजिनांमधला फरक गिऱ्हाइकाला दिसणार कसा? मला खालचा भाग कापून टाकायचा असायचा, म्हणजे वरचा मोठा करून दाखवता येईल. तुमच्या मते ते ओरडून बोलणं होतं. एवढासा फरक कागदभर करून दाखवला की माणसाला वाटतं, जुनं इंजिन भंगारात घालावं. मी म्हणायचे, आणि तुमचं ते पुटपुटणं, त्याचं काय? समोरच्याला ऐकूच आलं नाही तर खरं बोलून उपयोग काय? तुम्ही मान हलवायचात, पटल्यासारखी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्य.

तपासणीची खोली आठवली की मला अजून कानात दडे बसतात. इंजिन पलंगासारख्या लोखंडी चौकटीवर घट्ट बसवलेलं, त्याच्यावर भार टाकायला मागून पाण्याचा ब्रेक जोडलेला, आणि तुम्ही त्याच्या शेजारी ओढ दाखवणाऱ्या डायलसमोर उभे. काचेच्या अलीकडे मी, पुढ्यात आलेखाचा कागद. आवाज इतका की बोलणं अशक्य, म्हणून तुम्ही बोटांनी आकडे दाखवायचात. आधी दशकाची बोटं, मग एककाची. मी बघायचे आणि थेट कागदावर टिंब मांडायचे. एकदा तुम्ही नाक खाजवलंत आणि मी एक टिंब मांडून बसले, त्यावरून तुम्ही मला वर्षभर चिडवलंत. डायलची सुई कधी स्थिर राहत नसे, सारखी थरथरायची. कुठून कुठपर्यंत जातेय ते बघून मधला आकडा धरायचा, हे डोळ्याचं काम. त्या डोळ्याचा तुम्हाला अभिमान होता. बोलून कधी दाखवला नाहीत, पण माझ्यापासून लपला नाही.

आणि आता ते टिंब.

तुम्हाला त्याबद्दल बोलायचं नसायचं. माझ्या डोक्यातून ते जात नाही. त्या वर्षी नवं इंजिन तयार झालं होतं, आधीच्यापेक्षा थोडं मोठं, आणि पुण्याचा एक टॅक्सीसंघ एकदम बऱ्याच गाड्यांना ते बसवायला तयार होता. कारखान्याच्या मालकांनी, आपल्या शेठनी, त्यासाठी जिवाचं रान केलं होतं. पुण्याची माणसं आलेख बघायला आठवडाभरात येणार होती. आपण तपासणीला बसलो. टिंबं ठरल्यासारखी वर चढत गेली, आणि मधेच एक घसरलं. रांगेतला एकच माणूस मटकन खाली बसावा तसं. पुढचं परत वर, त्याच्या पुढचं आणखी वर.

आपण चहा प्यायलो. त्या दिवशी भाजीबद्दल कोणीच बोललं नाही.

मग तुम्ही म्हणालात की चूक तुमच्या डोळ्याची. गेले काही महिने पेपर लांब धरून वाचावा लागतोय, सुई थरथरत होती, तुम्ही खालचा आकडा धरला असणार. मी म्हटलं, काहीतरीच काय, तुमची बोटं मीच चुकीची वाचली, काचेवर तेलाचे शिंतोडे होते. तुम्ही म्हणालात, नाय, तू बरोबर वाचलंस, मीच चुकीचं दाखवलं. मी म्हटलं, अहो दादा, मी एकदा तुमच्या नाकाचं टिंब मांडलेलं आहे. अशी आपण बराच वेळ चूक एकमेकांच्या हातातून ओढत होतो, पाहुण्यांनी बसचं तिकीट काढताना करावं तसं. मला आज त्याचं हसू येतं. आपल्या दोघांच्या भलेपणात इंजिन सुटून जात होतं आणि दोघांपैकी कोणालाही ते कळत नव्हतं.

तेवढ्यात शेठ आले. कागद बघितला, ते टिंब बघितलं, हे काय म्हणून विचारलं. तुम्ही सरळ सांगितलंत, माझा डोळा चुकला, शेठ. त्यांचा जीव भांड्यात पडला. मग रेघ वरून घ्या, ते टिंब सोडून द्या, एवढं बोलून ते गेले. त्यांनी कोणाला फसवलं असं मी म्हणत नाही. त्यांच्या तपासनिसानंच चूक कबूल केली होती, त्यांनी ती मानली, एवढंच.

मी वक्र पट्टी उचलली. आणि मला रेघ ओढवेना. तुमच्यावरचा राग होता तो, दुसरं काही नाही. इतकी वर्षं तुम्ही मला शिकवलंत की इंजिनाचं त्याला राहू दे, आणि आज ते टिंब तुम्ही स्वतःवर घेऊन बसला होतात. मी पट्टी टाकली आणि तुम्हाला म्हटलं, "दादा, तुमचा डोळा चुकू शकतो, माझा चुकू शकतो, फक्त इंजिन चुकू शकत नाही, असं कसं?"

तुम्ही उठलात. टोपी घातलीत आणि घरी गेलात. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तर इंजिन गरम झालेलं होतं आणि तुम्ही काचेच्या अलीकडे, माझ्या खुर्चीत बसला होतात. पेन्सिल तुमच्या हातात. मला हातानं आत जायची खूण केलीत. मी त्या खोलीत तोवर इंजिन चालू असताना पाय ठेवला नव्हता. डायलसमोर उभी राहिले तेव्हा पायाखालची फरशी हलत होती आणि सुई माझ्याकडे बघून थरथरतेय असं वाटत होतं. मी मधला आकडा धरायला शिकले ते त्या अर्ध्या तासात. बोटं दाखवत गेले, तुम्ही टिंबं मांडत गेलात. त्या ठिकाणी आल्यावर सुई खाली आली. मी डोळे चोळून पुन्हा बघितलं. तुम्ही मला फेरे कमी करून परत वाढवायला लावलेत, आणि ती पुन्हा तिथेच खाली आली.

बाहेर आले तेव्हा तुमचा चेहरा मी बघितला तसा त्याआधी आणि त्यानंतर कधीच बघितला नाही. शाळेत पहिला नंबर आल्यावर मूल हसतं तसे हसत होतात. डोळा बरोबर होता. तुमचा डोळा बरोबर होता, माझा बरोबर होता, इंजिनातच खोट होती, आणि तुम्हाला त्याचा असा आनंद झाला होता की जणू इंजिनानं तुम्हाला बक्षीस दिलं. मग हळूहळू ते हसू गेलं. कारण आता पुण्याच्या माणसांना दाखवायचं काय, हा प्रश्न उरला होता.

आपण तेव्हाही भांडलो, आणि ते भांडण मी आजही तुमच्याशी पुरं करायला तयार आहे. तुम्हाला शून्यापासूनचा आलेख हवा होता, नेहमीसारखा. मी तसा काढून दाखवला. त्यात ते टिंब एवढंसं खाली दिसत होतं, कोणी कागदावर बोट ठेवून सांगितल्याशिवाय लक्षातही आलं नसतं. मी म्हटलं, हे बघा तुमचं सत्य, कोणाला दिसतंय? गाडी भरलेली, खोपोलीच्या पुढे घाटाचा चढ, ड्रायव्हर दुसऱ्या गियरवर, आणि नेमकी तिथे ओढ पडली तर मागचा ट्रक आणि दरी यांच्यामधे तो उभा राहणार. त्याला हे दिसायला नको? तुम्ही कागद लांब धरून पुन्हा बघितलात. मग म्हणालात, दोन्ही काढ. खाली अख्खा, शून्यापासून, आणि वर तेवढ्याच तुकड्याचा मोठा. म्हणजे ओरडल्यासारखं पण होणार नाय आणि ऐकू पण जाईल.

मी तसा कागद केला. त्यात रेघ जाड काढली नाही, टिंबं ठसठशीत काढली. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात चांगलं काम आहे. आज माझ्याकडे कॉम्प्युटर आहे, हवा तो रंग देतो, रेघ आपोआप ओढतो, पण त्या कागदाइतकं स्पष्ट मला काही जमलेलं नाही. स्पष्ट म्हणजे बघणाऱ्याला चटकन कळेल ते, असं मी समजत आले होते. तुमच्या लेखी स्पष्ट म्हणजे आपल्याला जेवढं माहीत आहे तेवढंच दिसेल आणि जे माहीत नाही तेही दिसेल. त्या एका कागदावर दोघांचंही झालं.

पुण्याहून दोघं आले होते. त्यातले एक आजोबा स्वतः पूर्वी टॅक्सी चालवलेले. शेठनी छान बोलून सुरुवात केली. तुम्ही पुढे झालात, त्या खाली पडलेल्या टिंबावर बोट ठेवलंत, आणि भीतीनं असेल किंवा उत्साहानं, ऑफिसातली भाषा विसरून गेलात. म्हणालात, "इथं बघा तुमी. इथं इंजिन दम खातंय. घाटात हीच जागा येते. आमी कारण शोधतोय, पण आज ही खोट हाय, नाय असं नाय."

आजोबांनी कागदावरच्या टिंबांवरून बोट फिरवलं. मग त्यांनी तो घडी करून खिशात घातला आणि शेठना सांगितलं की दोष काढा, मग बोलवा. चहा न घेता गेले. शेठ उठून केबिनमध्ये गेले.

महिन्याच्या आत तुमची बदली स्टोअरमध्ये झाली. म्हात्रेंचा डोळा चुकतो, ते स्वतःच म्हणालेत, असं शेठनी सगळ्यांसमोर सांगितलं. तुमचंच वाक्य, अर्ध्यावर कापलेलं. मी त्यांच्या केबिनमध्ये गेले आणि सांगितलं की दुसऱ्या दिवशी डायल मी वाचला होता, आकडा तोच आला होता. ते म्हणाले, तुझं काम कागदाचं आहे, ते तू छान करतेस. मी परत जाणार होते, सगळ्यांना गोळा करून जाणार होते. तुम्ही मला स्टोअरच्या दारात अडवलंत. तिथे नटबोल्टच्या खोक्यांमध्ये तुम्ही इतके परके दिसत होतात की मला बघवलं नाही. तुम्ही म्हणालात, "माझ्याच तोंडचं हाय ते, बाय. शेठला राग ठेवायला कुठंतरी जागा पायजे. राहू दे. तू परत बोलू नको."

मी ऐकलं नसतं तर तुम्ही मला बाय म्हणायचं सोडलं असतं, अशी मला भीती वाटली. म्हणून ऐकलं. पण पटलं नाही, दादा. आजही पटलेलं नाही. पुढे दोष सापडला. हवा आत घेणाऱ्या नळीचं एक वळण बदललं आणि ते टिंब रांगेत जाऊन बसलं. आजोबांनी खिशातला कागद परत आणला, नव्याशी ताडून बघितला आणि काम दिलं. ज्यांनी आपला दोष आपण होऊन दाखवला त्यांचं इंजिन घेतो, असं म्हणाले. कारखाना त्या कामावर उभा राहिला. तुम्हाला कोणी परत डायलसमोर बोलावलं नाही. तुम्हीही विचारलं नाहीत. गोंगाट सुटला, आता रेडिओ ऐकू येतो, असं सांगायचात. मला ते खरं वाटायचं आणि खोटंही वाटायचं.

मी रोज जेवणाच्या सुट्टीत नवे आलेख घेऊन स्टोअरमध्ये यायचे. तुम्ही हात पुसून कागद घ्यायचात. चष्मा लावून एकेक टिंब बघायचात, हे जरा घाईत वाचलंय, हे सुई स्थिरावायच्या आधी धरलंय, असं डायल न बघता सांगायचात, आणि मी वर जाऊन डायल वाचणाऱ्या नव्या माणसाला विचारलं तर बहुतेक वेळा तसंच निघायचं. ज्या माणसाचा डोळा गेला असं सगळा कारखाना म्हणत होता तो माणूस कागदावरून दुसऱ्याच्या डोळ्याची घाई ओळखत होता. मी हे तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. तुम्ही लाजला असतात आणि विषय आंब्याच्या मोहराकडे नेला असतात. आता सांगते. मला जे काही येतं ते तुम्ही दिलं. चहासकट.

काल तुमच्या घरी आले होते. दहावं व्हायचंय अजून. ओट्यावर माणसं बसली होती, मी आत वहिनींच्या शेजारी, दाराला टेकून. शेठ आले. खरंच दुःखी दिसत होते. इतकी वर्षं झाली, त्यांचेही केस पिकले. ते बसले, पाणी प्याले, आणि जमलेल्या लोकांना तुमच्याबद्दल चांगलं सांगायला लागले. किती मेहनती, किती शांत. मग म्हणाले, बिचाऱ्यांचे डोळे गेले, नाहीतर असा टेस्टवाला पनवेलमध्ये दुसरा नव्हता, नाइलाजानं स्टोअरला टाकावं लागलं. सगळ्यांनी माना हलवल्या. त्यांना ते आधीपासून माहीत होतं. गावभर तेच माहीत होतं, दादा. तुम्ही स्वतःच तसं सांगून ठेवलं होतंत. शेठच्या तोंडात तो खोटेपणाही राहिला नव्हता, त्यांनाही आता ते खरंच वाटत होतं.

तुम्ही परत बोलू नको म्हणाला होतात. मी पाळलं होतं. पण तुमच्यावरून ती गुळगुळीत रेघ माझ्या डोळ्यांदेखत फिरत होती आणि तुम्ही खाली राहत होतात. हवं तर रागवा. मी उठून उंबऱ्यात उभी राहिले आणि आवाज न चढवता, अगदी शून्यापासून, सगळं सांगितलं. ते टिंब, दुसऱ्या दिवशीची सकाळ, मी वाचलेली सुई, पुण्याचे आजोबा. शेवटी शेठना म्हटलं, "दादांचा डोळा बरोबर होता. इंजिनात खोट होती. तुम्हाला तेव्हाही सांगितलं होतं."

शेठनी मान खाली घातली. हो म्हणाले. एवढंच, हो.

मी परत येऊन बसले. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, चुकले, या घरात या दिवशी हे बोलायला नको होतं. त्यांनी माझा हात धरला आणि हळू आवाजात विचारलं, "म्हंजे यांना दिसत व्हतं?"

मी म्हटलं, सगळं दिसत होतं, वहिनी. शेवटपर्यंत.

त्यांनी माझा हात सोडला. मग म्हणाल्या, "मंग इतकी वर्सं रोज जेवताना ताटाशी बसून मी यांच्या मासळीचे काटे काढून देत व्हते, ते कशाला?"

आणि दादा, ते बोलता बोलता तुमची बायको हसली. तोंडावर पदर धरून, माणसं बाहेर बसलेली असताना, ती हसायला लागली, आणि मला तेव्हा कुठे रडू आलं.